दिवसाढवळ्या दिवे

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं गाड्यांच्या दिव्यांचीच निघाली. पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी असंच होतं. क्लच आणि कूलंटवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा कळ काढावी.

प्रश्न : काका, गुढीपाडव्याला आम्ही नवी गाडी घेतली. इंजिन सुरू केलं की पुढे दोन पांढऱ्या पट्ट्या आपसूक पेटतात. बंद करायला बटणच नाही. बाबा रोज म्हणतात, भर उन्हात दिवे लावून कसली श्रीमंती दाखवायची, बॅटरी खातील ते. शेजारचे म्हणतात परदेशात हे सक्तीचं आहे. घरी एक जुनी गाडीही आहे, तिला असल्या पट्ट्या नाहीत. तिचे हेडलाइट दिवसा लावायचे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. फोंड्यात एकतीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलं (आता मुलगा चालवतो, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्याच्या चुका काढतो). पायरी चढता चढता गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिलं वाक्य यायचं ते हेच, "बॅटरी देंवता, पळय रे" (बॅटरी उतरते, बघ रे). आणि दर वेळी आरोपी वेगळा. कधी टेप, कधी हॉर्न, आता या पट्ट्या.

त्या पट्ट्यांवर मात्र हा आळ घेऊ नका. इंजिन चालू असताना गाडीतली वीज अल्टरनेटर बनवतो, बॅटरी तेव्हा उलट भरत असते. शिवाय त्या पट्ट्या एलईडीच्या. दोन्ही मिळून तुमचा फोन भरभर चार्ज करायला जेवढी वीज लागते, साधारण तेवढीच घेतात. गाडीत फोन चार्जिंगला लावला म्हणून बाबा ओरडत नसतील.

जुन्या गाडीचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिचे हॅलोजन बल्ब डिमवर पंचावन्न वॉटचा एक, म्हणजे दोन मिळून एकशे दहा. सोबत मागचे दिवे, नंबरप्लेटचा, डॅशबोर्डचा, असं धरून एकशे चाळीसच्या आसपास जातं. ही वीज फुकट येत नाही, अल्टरनेटर ती इंजिनाच्या बेल्टवरून ओढून घेतो. मधली गळती धरून मी कागदावर मांडलं तर तासाला शंभर मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल होतं. एक कटिंग चहा. बल्ब लवकर जाईल हेही खरं, कारण हॅलोजनचं आयुष्य काहीशे तासांचंच असतं. तेव्हा खर्च आहे, पण घर बुडवणारा नाही.

आता मूळ मुद्दा. बाबा म्हणतात, ऊन आहे तर दिवा कशाला? रात्री दिवा लावतो तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. दिवसाचा दिवा समोरच्याला आपण दिसावं म्हणून. त्या पांढऱ्या पट्टीने रस्त्यावर वीतभरही उजेड पडत नाही, पडावा अशी तिची रचनाच नसते. लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत एक ठिपका चमकावा, एवढंच तिचं काम.

उन्हात हा ठिपका कशाला हवा, असा माझाही पूर्वी समज होता. तो कुठे फिटला ते सांगतो.

डिसेंबर महिना, सकाळचे अकरा. मोल्याहून फोंड्याकडे येत होतो, बायको शेजारी. अभयारण्याच्या अंगाने जाणारा तो रस्ता तुम्ही पाहिला असेल. दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि डांबरावर ऊन-सावलीचे पट्टे, सतरंजी अंथरल्यासारखे. पुढे एक टँकर चाळिसाच्या वेगाने रखडत चाललेला. समोर रस्ता मोकळा. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गाडी बाहेर काढली. टँकरच्या निम्म्यापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात समोरच्या सावलीतून एक राखाडी गाडी उगवली. आली म्हणत नाही मी, उगवली. ब्रेकवर उभा राहिलो आणि टँकरच्या शेपटीमागे परत शिरलो. समोरच्याने जाता जाता काच खाली करून माझ्या आवशीची चौकशी केली. त्याचा हक्कच होता तो. बायको धारबांदोड्यापर्यंत गप्प. मग एवढंच म्हणाली, "मलाही दिसली नव्हती ती."

दोन माणसं, चार डोळे, लख्ख ऊन, आणि अख्खी गाडी दिसू नये? घरी येऊन हिशेब घातला. टँकर चाळिसाने, मी साठाने. पुढचं-मागचं अंतर धरून त्याला पार करायला मला आठेक सेकंद लागणार. समोरचाही साठाने येत असेल, तर त्या आठ सेकंदांत आमच्यातलं अंतर साधारण दोनशे पासष्ट मीटरने कमी होतं. म्हणजे गाडी बाहेर काढतानाच मला पाव किलोमीटरहून लांबची राखाडी गाडी राखाडी रस्त्यावर, काळ्या सावलीत दिसायला हवी होती. उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना सावली काळीकुट्ट दिसते, तिच्यात गाडीची कड सापडत नाही. तिला दिवा असता तर त्या काळ्यातच तो जास्त उठून दिसला असता. आपल्याकडे ऊन रगड आहे, म्हणून सावलीही तेवढीच दाट. काजूच्या बागांमधून जाणारे रस्ते, माडांखालचे रस्ते, चोर्ला घाटाची वळणं, सगळीकडे हाच खेळ.

शेजाऱ्यांचं म्हणणंही बरोबर आहे, फक्त ते अर्धं आहे. सुरुवात उत्तरेकडच्या थंड देशांनी केली. फिनलंडने १९७२ साली, तीही फक्त हिवाळ्यात आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून बारा महिने. तिकडे हिवाळ्यात सूर्य दुपारीही क्षितिजाला टेकल्यासारखा असतो, त्यामुळे त्यांना ते पटलं. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना हे दिवे सक्तीचे केले. युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना. तुमच्या गाडीचं मॉडेल तिकडेही विकलं जात असेल, तर पट्ट्यांचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे मोटारींना ही सक्ती नाही. कंपन्या लावतात, कारण आता त्याशिवाय गाडी जुनाट दिसते.

आणि शेजाऱ्यांनी न सांगितलेला अर्धा भाग असा. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा दिवे लावायची सक्ती केली आणि १ जानेवारी २००८ ला मागे घेतली. अमेरिकेने सक्ती कधी केलीच नाही. तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याने २००८ साली स्वतःच्या देशातले अपघात तपासले, तेव्हा ज्या प्रकारांत फरक पडावा असं वाटलं होतं, त्यांत एकूण पाहता ठोस फरक सापडला नाही. म्हणून या पट्ट्यांनी जीव वाचतातच, असं छातीठोक सांगणाऱ्याकडून उसने पैसे घ्यायला हरकत नाही, त्याचा हिशेब कच्चा असतो. मोल्याच्या रस्त्यावर त्या राखाडी गाडीला दिवा असता तर मी बाहेर पडलो नसतो, एवढंच मी शपथेवर सांगेन.

तेव्हा नव्या गाडीच्या पट्ट्या पेटू द्या. जुन्या गाडीला पणजीच्या ट्रॅफिकमध्ये भर दुपारी हेडलाइटची गरज नाही. पण घाटात, झाडांखालच्या दुपदरी रस्त्यावर, सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असताना (म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत तो सूर्य असतो, हे विसरायचं नाही) आणि पावसाचा पहिला थेंब पडल्यापासून, डिमवर लावा. अप्पर नाही. आणि नुसती पार्किंगही नाही. पार्किंगचा पाच वॉटचा बल्ब दिवसा समईसारखा दिसतो, जवळ गेल्यावर.

प्रश्न : काका, एक विचित्र प्रकार घडला. संध्याकाळी सव्वासातला फोंड्याहून मडगावला निघाले. एक गाडी मागे लागली, सारखा हॉर्न, सारखा डिपर. मी घाबरून वेग वाढवला. बोरीच्या पुलाच्या अलीकडे त्याने गाठलंच. म्हणाला, "बाय, फाटल्यान काळोख आसा." म्हणजे माझे मागचे दिवे बंद! पण पुढे उजेड होता, डॅशबोर्ड झगझगीत होता. फ्यूज गेला असेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फ्यूज शाबूत आहे, बाय. दिवे तुम्ही लावलेच नव्हते.

लाजू नका. हे मी स्वतः केलं आहे, आणि माझ्या धंद्यात केलं आहे म्हणून ते जास्त लाजिरवाणं. मुलाची गाडी घेऊन सावर्डेला एका बारशाला गेलो होतो. परतताना कातरवेळ झाली. डॅशबोर्ड निळा-पांढरा उजळलेला, समोर उभ्या असलेल्या गाडीच्या बंपरवर माझ्या पट्ट्यांचं पांढरं प्रतिबिंब. मनाने घेतलं, दिवे लागलेत. घराच्या फाटकापाशी नातू टॉर्च घेऊन उभा होता, तो ओरडला, "आजोबा, मागून तुम्ही दिसलाच नाहीत!" एकतीस वर्षं लोकांचे टेललाइट दुरुस्त केले त्या माणसाला हे ऐकावं लागलं.

भानगड अशी आहे. जुन्या गाडीत दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे. काटे दिसेनासे झाले की हात आपोआप स्टिअरिंगजवळच्या दिव्यांच्या दांडीकडे जायचा. आता डॅशबोर्ड दिवसरात्र पेटलेला असतो, पुढे पट्ट्याही पेटलेल्या असतात. आठवण करून देणारं काही उरलंच नाही. आणि बहुतेक गाड्यांत या पट्ट्यांबरोबर मागचे दिवे लागत नाहीत, नियमानेही ते लागायची गरज नसते. म्हणजे पुढून गाडी सजलेली आणि मागून भुतासारखी. कॅनडात हा प्रकार इतका वाढला की त्यांनी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम बदलला. एकतर मागचे दिवेही सोबत लागले पाहिजेत, किंवा अंधारात सगळे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर डॅशबोर्ड तरी काळा राहिला पाहिजे, म्हणजे चालवणाऱ्याला कळेल. आपल्याकडे अजून हे डोक्यातच ठेवायचं आहे.

तुमच्या दांडीवर "ऑटो" अशी खूण असेल तर ती तिथेच ठेवून द्या, काढू नका. पण पावसात ऑटोवर विसंबू नका. त्याचा डोळा उजेड मोजतो, आणि दुपारच्या पावसात उजेड त्याला पुरेसा वाटू शकतो. मागच्या ट्रकवाल्यासाठी तुम्ही तुमच्याच चाकांनी उडवलेल्या फवाऱ्यात बुडालेल्या असता, हे त्या डोळ्याला कळत नाही.

ऑटो नसेल तर एक सोपी सवय. गाडी लावताना मागे भिंत असेल तर ब्रेकवरचा पाय काढून आरशात पाहा, भिंतीवर लाल उजेड पडलाय का? पडला नसेल तर मागे अंधार आहे.

कायद्याचं विचाराल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासूनच लिहिलेलं आहे, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा दिवे हवेत. तो अर्धा तास मला पटत नाही. आमची आजी तुळशीपाशी दिवा लावायची तेव्हा अंगणातलं सगळं अजून दिसत असायचं. दिवेलागण म्हणतात ती त्या वेळेला. जूनमध्ये ती सातनंतर येते, डिसेंबरात सहालाच. गाडीचंही वेळापत्रक मी तेच ठेवलं आहे. आणि हो, त्या हॉर्नवाल्याचं नाव-गाव विचारलंत की नाही? पुलापर्यंत शिव्या खात पाठलाग करून एवढं सांगणारा माणूस हल्ली मिळत नाही.

प्रश्न : मी रोज बाइकवरून वास्कोहून वेर्ण्याला कामाला जातो. सगळ्याच मोटारींनी दिवसा दिवे लावले तर माझा एकुलता एक दिवा कोणाला दिसणार? तुम्ही गाडीवाल्यांची बाजू घेता असं वाटतं.
– एक वाचक, वास्को

उत्तर : प्रश्न रास्त आहे. युरोपातल्या मोटारसायकलवाल्यांचीही हीच तक्रार होती. दिवसा दिवा म्हणजे बाइक, अशी लोकांच्या डोळ्यांना सवय लागली होती, ती मोटारींनी मोडली. काही प्रमाणात तुमचं नुकसान होतं, हे मी नाकारणार नाही. दहा दिव्यांत अकरावा हरवतो.

पण बाइकवाल्याची खरी अडचण दुसरीकडेही आहे. मोटारीचे दोन दिवे एकमेकांपासून लांब असतात. ती जवळ येईल तसे ते फाकत जातात, आणि त्यावरून समोरच्याला वेग कळतो. तुमचा एकच ठिपका, तो जवळ येताना नुसता थोडा मोठा होतो. आडव्या रस्त्यावरून निघणारा पाहतो, त्याला दिवा दिसतोही, पण तो म्हणतो, "लांब आहे, मी निघून जातो." आणि निघतो. म्हणून आडवा रस्ता आला की दिवा दिसलाय यावर जाऊ नका, चालवणाऱ्याची मान तुमच्याकडे वळली आहे का ते बघा. पिवळ्या-काळ्या गाडीवर तीस-तीस वर्षं काढलेला पायलट (आमचा मोटारसायकल-टॅक्सीवाला) बघा कधी, प्रत्येक फाट्यावर त्याचा वेग कमी होतो आणि बोटं ब्रेकवर असतात.

दुसरं, दिवसा अप्पर लावून फिरू नका. समोरचा डोळे मिटतो, त्याने तुमचा काय फायदा? हेडलाइटचा रोख नीट करून घ्या. डबलसीट बसलं की पुढचा दिवा आभाळाकडे बघतो. आणि तिसरं, तुमचा रेनकोट कुठल्या रंगाचा आहे? आमच्या बाजारात निम्मे रेनकोट काळे नाहीतर गडद निळे. मळ दिसत नाही म्हणून घेतात. मळ दिसत नाही, आणि माणूसही. पोपटी घ्या, भगवा घ्या. सासुरवाडीला थोडी शोभा होईल, होऊ द्या.

प्रश्न : मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून चालवणं बरोबर की चूक? झुआरीच्या नव्या पुलावर सगळेच लावतात.
– एक वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : चूक. सगळेच लावत असले तरी चूक. चारही इंडिकेटर म्हणजे "मी थांबलोय, बंद पडलोय" अशी खूण. ते लावून चालवलंत की बहुतेक गाड्यांत डावी-उजवीकडचा इंडिकेटर देता येत नाही, आणि पुलावर लेन बदलताना नेमका तोच हवा असतो. शिवाय उद्या खरोखर कोणी पुलावर बंद पडून उभा राहिला, तर चालणाऱ्यांत आणि उभ्या असलेल्यात मागच्याने फरक कसा करायचा? डिम लावा, मागचा धुक्याचा लाल दिवा असेल तर अगदीच काही दिसत नसताना तो लावा, अंतर ठेवा. काही दिसतच नसेल तर पूल ओलांडून, सुरक्षित जागी, रस्ता पूर्ण सोडून थांबा. तिथे मग लावा चारही, हौसेने.

प्रश्न : माझी गाडी २०१२ ची आहे. एका दुकानात बाहेरून पट्ट्या बसवून देतो म्हणाले. निळ्या, लाल, रंग बदलणाऱ्याही आहेत. घेऊ का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : रंग बदलणाऱ्या गणपतीच्या मखराला लावा, तिथे शोभतील. गाडीच्या पुढे पांढराच. पुढून लाल दिसला तर समोरचा समजणार तुम्ही पाठमोरे आहात. निळा तर पोलिसांचं काम.

पांढऱ्या घ्यायच्या असतील तर पट्टीपेक्षा तिच्या वायरकडे बघा. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. करंट कुठून घेणार? तो चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून हवा. थेट बॅटरीवरून घेतला आणि विसरलात, तर तुमच्या बाबतीत मात्र डिचोलीच्या बाबांचं खरं होईल. फ्यूज वेगळा घालणार का? आणि हेडलाइट लावल्यावर पट्टी बंद किंवा मंद होणार का? युरोपच्या नियमात या दिव्याची समोरून तीव्रता कमीत कमी चारशे आणि जास्तीत जास्त बाराशे कॅंडेला ठरवलेली आहे. दिवसा ती ठीक, रात्री तीच समोरच्याच्या डोळ्यांत खुपते. म्हणून रिले हवा, म्हणजे हेडलाइट लागला की पट्टी आपोआप बंद करणारा स्विच. दुकानदार "रिलेची गरज नाय" म्हणाला की तुम्ही नमस्कार करून बाहेर पडा.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी आमच्याकडे आली, हॉर्न वाजवला की इंजिन बंद पडायचं. बॉनेट उघडलं तर पट्ट्यांची वायर हॉर्नच्या वायरला पिळून, वर चिकटपट्टी. चिकटपट्टी पावसात सुटलेली, तांबं हिरवं पडलेलं, आणि उरलेलं उंदरांनी खाल्लेलं. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचे उंदीर उबेला इंजिनात येतात, त्यात कोणी नवी, मऊ वायर लोंबत ठेवली तर त्यांना ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. मुलाने दोन दिवस घालवले तिच्यावर. पट्ट्यांच्या किमतीच्या तिप्पट बिल झालं. ज्याने बसवल्या तो दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "मारुतीचं नाव घेऊन लावा, काही होत नाही."

तुमच्या जागी मी असतो तर पट्ट्यांचे पैसे वाचवून हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घेतल्या असत्या, नवे बल्ब घातले असते (कंपनीच्या वॉटचेच, शंभर-नव्वदवाले नकोत, ते होल्डर वितळवतात), आणि गरज पडेल तेव्हा डिम लावली असती.

प्रश्न : बाइकचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद होत नाही. तरी रस्त्यात रोज कोणीतरी हाताची बोटं उघडझाप करून "लायट पेटता" सांगतं. कंटाळा आलाय. बटण बसवून मिळेल का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही मिळणार, निदान आमच्याकडे तरी. कारण सांगतो, थोडी कबुलीही आहे त्यात.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींना दिवा सतत पेटता ठेवायचा नियम आला. युरोपात असे दिवे त्याआधीपासूनच होते. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या दुकानात रोज कोणी ना कोणी यायचं. गाडी बिघडली आहे म्हणून, बटण हरवलं आहे म्हणून, बॅटरी देंवता म्हणून. एकजण तर शोरूमवाल्याने फसवलं म्हणून भांडायच्या तयारीने आला होता. मी समजावून सांगायचो. काहींना पटायचं. ज्यांना पटायचं नाही त्यांच्यापैकी पाचेक जणांना मी बटण बसवून दिलं, हँडलच्या खाली, दीडशे रुपयांत. गिऱ्हाईक मोडायचं नाही, हा धंद्याचा नियम मी त्या वेळी कंपनीच्या अकलेपेक्षा मोठा मानला. मोल्याची गोष्ट वर सांगितली, ती त्यानंतरच्या डिसेंबरातली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी वही काढली आणि त्या पाचांतल्या ज्यांचे नंबर होते त्यांना फोन लावले. तिघे आले. बटणं काढून वायर पुन्हा होती तशी जोडून दिली, पैसे परत केले. चौथा म्हणाला गाडी विकली. पाचव्याचा नंबर लागला नाही.

हात करणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्यावर चिडू नका. आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक आजोबा संध्याकाळी कठड्यावर बसलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाइकला बोटांची उघडझाप करून दाखवतात. सगळ्यांना, चुकवत नाहीत एकालाही. त्यांना नियम मी तीनदा समजावला आहे. ते मान डोलावतात, "हय, हय" म्हणतात, आणि पुढची बाइक आली की हात वर जातोच. आता मीही जाताना हात वर करतो. परवा मुलाच्या गाडीतून येत होतो, उजेड सरत आलेला, तर माझ्याकडे बघून त्यांनी बोटं उघडझाप केलीच नाहीत. नुसतं मागे बोट दाखवलं. मी दांडी फिरवली.